हॉकीच्या नावाने अरेना बांधला जात असेल, तर हॉकीने काय मागावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मध्य मुंबईत दहा हजार खुर्च्यांचा, बंदिस्त, वातानुकूलित बहुउद्देशीय अरेना बांधायचा प्रस्ताव आहे. माहितीपत्रकात पहिलं नाव हॉकीचं, त्यानंतर कबड्डी, बास्केटबॉल, बॅडमिंटन, संगीताचे कार्यक्रम आणि प्रदर्शनं. तुमच्या हॉकी क्लबाकडे पाठिंब्याचं पत्र मागितलं आहे. ते द्यावं का, आणि द्यायचं तर कोणत्या अटींवर, असं तुम्ही विचारलंत.

या शहरातली सभागृहं आणि बंदिस्त क्रीडागृहं चालवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. सुरुवात छतावर चेनब्लॉक ओढणाऱ्या पोरापासून झाली, शेवटी शेवटी अख्ख्या इमारतीचं वेळापत्रक माझ्या टेबलावर असायचं. म्हणून उत्तर आधीच सांगतो. पत्र द्या, पण दोन गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय देऊ नका: खेळपट्टीच्या जागेचं माप आणि वर्षातले तास. छत, खुर्च्या, एसी, पार्किंग हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण ते चुकलं तर सगळ्यांचं नुकसान होतं, त्यामुळे कोणी ना कोणी त्यावर डोळा ठेवतो. माप आणि तास चुकले तर नुकसान एकट्या हॉकीचं होतं, आणि तुमच्याशिवाय ते कोणी बघायला येणार नाही.

सगळ्यात आधी विचारा, कुठली हॉकी? पत्रकात नुसतं ‘हॉकी’ लिहिलंय. अकरा जणांची मैदानी हॉकी ९१.४० बाय ५५ मीटरवर होते. भोवतीची मोकळी पट्टी धरली की साधारण १०० बाय ६२ मीटर सपाट जागा लागते. तेवढ्या जागेवर, चारी बाजूंना खुर्च्या लावून, मधे एकही खांब न घेता छत घालायचं तर खर्च कुठल्या कुठे जातो. शिवाय प्रेक्षक इतके दूर बसतात की कबड्डीचा १३ बाय १० मीटरचा पट वरच्या रांगेतून चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून अंगणातल्या रांगोळीएवढा दिसेल. असल्या इमारतीत दुसरा कुठलाही खेळ रंगत नाही, म्हणजे ती बहुउद्देशीय राहत नाही.

कोणी म्हणेल, मग छत नको, उघड्या टर्फवरच कार्यक्रम करू. याला तर ठाम विरोध करा. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर गेली आणि तेव्हापासून त्या हिरव्या-निळ्या गालिच्याखाली काय असतं हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. वर गवताच्या धाग्यांचा थर, त्याखाली रबरासारखा धक्का शोषणारा लवचिक थर, त्याखाली डांबर किंवा काँक्रीटचा अगदी नेमक्या उताराचा पाया. स्टेजचे खांब, क्रेन, जनरेटरचे ट्रक एकदा त्यावरून फिरले की लवचिक थर दबतो. वरून काही दिसत नाही. पण चेंडू त्या जागेवरून उसळायला लागतो आणि मुलांचे घोटे दुखायला लागतात. वर संरक्षक फळ्या टाकल्या तरी त्याखालचा गालिचा तापतो, धागे मोडतात. चर्चगेटचं टर्फ ज्यांनी जिवापाड सांभाळलं त्यांना विचारा, एक गालिचा बदलायला पैसे उभे करताना किती दारं झिजवावी लागतात. ज्या शहरात १९८२चा विश्वचषक झाला, जिथे आगा खान स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खेळली गेली, तिथे चांगली टर्फ अजून हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. त्यातलं एकही ऑर्केस्ट्राच्या पायाखाली जाऊ देऊ नका.

दुसरी शक्यता बर्फावरच्या हॉकीची. जगभरात ‘हॉकी अरेना’ म्हणून जी चित्रं दाखवली जातात ती बहुतेक उत्तर अमेरिकेतली असतात. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोसमभर बर्फ खालीच असतो, त्यावर उष्णतारोधक फळ्या अंथरतात आणि काही तासांत तिथे बास्केटबॉलचं कोर्ट उभं राहतं. ते काम बघण्यासारखं असतं यात शंका नाही. पण बर्फाचा पृष्ठभाग उणे चार-पाच अंशांवर ठेवावा लागतो, आणि मुंबईच्या जुलैतल्या हवेत इतकी वाफ असते की पंचवीस अंशांच्या आसपासच्या गार पृष्ठभागावरही दव धरतं. दार उघडलं की रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, धुकं. हवेतलं पाणी काढणारी वेगळी यंत्रणा वर्षभर चालवावी लागेल, बर्फाखालच्या जमिनीतलं पाणी गोठून लादी उचलू नये म्हणून खाली उष्णतेची सोय करावी लागेल. डेहराडूनला २०११मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फाचं सभागृह बांधलं, ते नंतर वर्षानुवर्षं बंद पडून होतं, २०२५मध्ये पुन्हा चालू झालं. बर्फावरच्या हॉकीवर जीव टाकणारी मुलं-मुली लडाखमध्ये आहेत, पैसा तिकडे जावा. मुंबईच्या अरेनाच्या लादीत बर्फाच्या नळ्या घालायचा विषय निघाला तर त्यावर वेळ घालवू नका.

राहिली इनडोअर हॉकी, आणि तुमच्या कामाची तीच आहे. ४४ बाय २२ मीटरचा कोर्ट, एका बाजूला सहा जण, लांबीच्या दोन्ही कडांना दहा सेंटिमीटर उंचीच्या फळ्या. चेंडू मारायचा नाही, फक्त ढकलायचा. फळीवर आपटून येणारा चेंडू कुठल्या कोनात येईल हे ज्याला आधी कळतं तो खेळाडू पुढे मैदानी हॉकीतही वेगळा दिसतो. जर्मनीत हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही म्हणून तिथले क्लब पिढ्यान्‌पिढ्या आत जाऊन इनडोअरचा मोसम खेळतात, आणि जर्मन खेळाडूच्या स्टिकला चेंडू कसा चिकटून असतो हे आपण प्रत्येक विश्वचषकात बघतो. आपल्याकडे हिवाळा आड येत नाही, पावसाळा येतो. जून ते सप्टेंबर शाळांची मैदानं चिखल होतात. तुमच्या क्लबातली बारा-चौदा वर्षांची मुलं त्या चार महिन्यांत काय करतात? बहुतेक ठिकाणी जिन्याखाली दोरीवरच्या उड्या. या शहराला पावसाळी इनडोअर मोसम मिळाला तर त्या वयातली मुलं हॉकी सोडून जाणार नाहीत. मला या अरेनाबद्दल मनापासून आशा वाटते ती एवढ्यासाठी.

आता माप. ४४ बाय २२ हा नुसता कोर्ट झाला. गोलमागे किमान ३ मीटर आणि बाजूंना किमान १ मीटर मोकळं हवं, त्याबाहेर राखीव खेळाडूंचे बाक, पंचांचं टेबल. म्हणजे ५० बाय २८ मीटर लागतात, आणि कॅमेरे, जाहिरातीच्या एलईडी पट्ट्या धरल्या तर ६० बाय ३० मीटर सपाट जागा हवी. खुर्च्यांची पहिली पक्की रांग त्याबाहेर सुरू झाली पाहिजे. नकाशा काढणारे लोक बहुतेक वेळा बास्केटबॉलपासून सुरुवात करतात, कारण त्याचा कोर्ट २८ बाय १५ मीटरचा, सुटसुटीत, आणि त्याभोवती खुर्च्या जवळ आणल्या की संख्या फुगते. मग ‘हॉकीसुद्धा होईल’ असं लिहून मोकळे होतात.

न्यूयॉर्कलाच ब्रुकलिनमध्ये बार्कलेज सेंटर आहे. २०१२मध्ये उघडलं, मुळात बास्केटबॉलसाठी आखलेलं. २०१५मध्ये बर्फावरच्या हॉकीचा एक नावाजलेला संघ तिथे राहायला आला, तेव्हा रिंक वाडग्यात, म्हणजे खुर्च्यांच्या रांगांनी वेढलेल्या मधल्या जागेत, नीट बसेना. एका टोकाला सरकवून बसवावा लागला. डोक्यावरचा मोठा गुणफलक मैदानाच्या मध्यावर येण्याऐवजी एका बाजूला आला आणि बऱ्याच खुर्च्यांवरून एक गोल दिसेना. काही वर्षांत तो संघ निघून गेला आणि २०२१मध्ये स्वतःच्या नव्या अरेनात गेला. इतका पैसा, इतके तज्ज्ञ, आणि चूक मात्र पहिल्या दिवशीच्या रेघेची. म्हणून अट अशी लिहा: वाडग्याची आखणी सगळ्यात मोठ्या खेळपट्टीपासून होईल, म्हणजे इनडोअर हॉकीपासून, आणि लहान खेळांच्या वेळी सरकत्या खुर्च्यांच्या रांगा पुढे आणून जागा भरली जाईल. मोठ्या जागेत लहान खेळ नेता येतो. उलटं कधीच करता येत नाही.

याच अनुषंगाने दहा हजारांचा आकडा नीट तपासा. तो कुठल्या मांडणीत मोजलाय? सरकत्या रांगा बाहेर काढून, की आत ढकलून? हॉकीच्या वेळी कदाचित आठ हजार राहतील. एका टोकाला स्टेज लावला की त्यामागच्या पाव भागातल्या खुर्च्या मेल्या. प्रत्येक मांडणीचा वेगळा आकडा लेखी मागा. आणि नजरेचं गणितही विचारा. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्याची नजर किती मिलिमीटरने सुटते, याला आमच्यात सी-व्हॅल्यू म्हणतात. ६० म्हणजे जेमतेम, ९० चांगली, १२० उत्तम. ती कुठल्या बिंदूकडे बघून मोजली हे महत्त्वाचं. हॉकीत चेंडू जमिनीवर असतो आणि जवळच्या कडेच्या फळीला लागून धावतो, म्हणून मोजमाप त्या फळीपर्यंतचं हवं. स्टेजकडे बघून काढलेला आकडा तुम्हाला उपयोगाचा नाही.

खालच्या लादीबद्दल माझं मत पक्कं आहे. पक्कं लाकडी फ्लोअरिंग नको. इनडोअर हॉकीला लाकडी किंवा चांगल्या सिंथेटिक पृष्ठभागाची गरज असतेच, पण तो काढता-घालता येणारा हवा. खाली गुळगुळीत, भरभक्कम काँक्रीट, ज्यावर भरलेला ट्रक आणि फोर्कलिफ्ट बिनधास्त चालेल. मुंबईत पक्कं लाकूड बसवलं आणि विजेचं बिल वाचवायला पावसाळ्यात एसी बंद ठेवला की दोन आठवड्यांत पट्ट्या कडांनी उचलायला लागतात. मी हे दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा दुरुस्तीचा खर्च वाचलेल्या बिलाच्या कितीतरी पट होता.

पण काढता-घालता येणारं फ्लोअरिंग म्हणजे ते ठेवायला जागा हवी. इथे थोडं थांबतो, कारण याच एका गोष्टीवर मी चांगल्या चांगल्या इमारती फसलेल्या बघितल्यात. उपनगरातल्या एका सभागृहात इनडोअर हॉकीच्या फळ्या आणि ३ बाय २ मीटरचे गोल हौसेने आणले होते. ठेवायची खोली नकाशात नव्हतीच. ते सगळं एका बाजूच्या पॅसेजमध्ये उभं केलं. अग्निशमनाच्या तपासणीत तो पॅसेज संकटकाळचा रस्ता निघाला, आणि ते बरोबरच होतं. सामान गच्चीवर गेलं. एका पावसाळ्यात फळ्या केळीच्या पानासारख्या वळल्या. पुढच्या वर्षी स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा ‘साहित्य उपलब्ध नाही’ असं उत्तर गेलं आणि त्यानंतर तिथे हॉकी झालीच नाही. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. एका खोलीअभावी एक खेळ त्या इमारतीतून निघून गेला. तेव्हा खेळपट्टीच्या पातळीवर, मोठ्या दरवाजाची, कोरडी आणि फक्त क्रीडासाहित्याची खोली नकाशावर दाखवून घ्या. दोन-अडीचशे चौरस मीटरपेक्षा कमी नको. गोलमागे लावायच्या जाळीसाठी छताला कायमचे हूकही लागतील. इनडोअरचा चेंडू टणकच असतो आणि ढकललेला असला तरी स्टिकला लागून उडतो. मागे प्रेक्षक आणि महागडे स्क्रीन असतील तर जाळीशिवाय कोणी खेळू देणार नाही.

छताचं सांगायचं तर ते फक्त पाऊस अडवण्यासाठी नसतं. मोठ्या कार्यक्रमाचे दिवे, स्पीकर, स्क्रीन सगळं छताला टांगतात, आणि मोठ्या दौऱ्यांचं हे ओझं ५० टनांच्या पुढे सहज जातं. कॅनडातल्या कॅल्गरीच्या सॅडलडोमचं छत घोड्याच्या खोगिरासारखं, फार देखणं. १९८३ची इमारत, तिथे १९८८चं हिवाळी ऑलिंपिक झालं. पण त्या झुलत्या काँक्रीटच्या छताला जास्त वजन टांगता येत नाही, म्हणून कितीतरी मोठे संगीत दौरे ते शहर टाळून गेले. तुम्ही म्हणाल, याचा हॉकीशी काय संबंध? थेट संबंध आहे. ज्या अरेनाला मोठे कार्यक्रम मिळत नाहीत तो पैशासाठी लग्नं आणि सेल घेतो. मोठा कार्यक्रम दोन-तीन दिवसांत निघून जातो, सेल तीन आठवडे मांडून बसतो. मजबूत छत म्हणजे कमी दिवसांत जास्त कमाई, आणि उरलेले दिवस खेळाला.

मुंबईच्या पावसाचं वेगळं सांगायला नको, तरी एक हिशेब देतो. दहा हजार चौरस मीटर छतावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होतं. ते त्याच तासात कुठे जाणार? समुद्राला मोठी भरती असेल तर नाले पाणी घेतच नाहीत, हे २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा सगळ्यांनी अनुभवलं. साठवण टाक्या हव्यात, ते पाणी शौचालयांना वापरता येतं. विजेचे पॅनेल आणि एसीचे चिलर तळघरात नकोत, आणि ट्रक उतरवायची जागा रस्त्याच्या पातळीखाली नको. छत एकेरी पत्र्याचं असेल तर जुलैत शिट्टी ऐकू येणार नाही. आवाज शोषणारे थर मागा. त्याने गाण्याचा घुमाराही कमी होतो.

एसीबद्दल एकच मागणी पुरे. हवा वरून झोतासारखी न सोडता खुर्च्यांखालून हळू सोडणारी व्यवस्था असावी. बॅडमिंटनवाले तुमच्याआधी हे मागतील, कारण झोताने शटल वाहवत जातं. त्यांच्याशी हातमिळवणी करा. खुर्च्यांखालच्या व्यवस्थेत शाळेच्या सरावाला फक्त एक बाजू चालू ठेवता येते, आणि तुमचं विजेचं बिल तिथे ठरतं.

बंदिस्त अरेनाची मुंबईला खरंच गरज आहे का, असंही तुमच्या सभासदांपैकी काहींनी विचारलंय. आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावता येत नाही, बंद सभागृहाला त्यातून सवलत आहे. आज मोठे कार्यक्रम महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, बीकेसीच्या मैदानावर, नेरुळच्या क्रिकेट स्टेडियममध्ये होतात. मायकेल जॅक्सन १९९६मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचला, म्हणजे ते मैदानही खेळाचंच. शहरात अरेना नसला की त्याची किंमत मैदानं भरतात. आणि एका छताखाली वेगवेगळं काही करता येतं हे वरळीच्या एनएससीआय डोमने दाखवलंय: २०१४मध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना तिथे झाला, २०१९मध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, भारतातले पहिले दोन सामने झाले, त्यातला पहिला तर शाळकरी मुलांसाठीच होता, आणि २०२०मध्ये त्याच फ्लोअरवर कोविडच्या खाटा लागल्या. फक्त एक अट माझ्याकडून जोडा, आणि ती मी हात जोडून सांगतो: अरेनासाठी खेळाचं मैदान म्हणून राखीव असलेला भूखंड घेतला जाऊ नये. आजूबाजूच्या मुलांचं फुकटचं मैदान घेऊन त्यांना तिकिटाची इमारत देणं चूक आहे.

गर्दी बाहेर कशी पडणार, हे क्लबाचं काम नाही असं समजू नका. तुमच्या प्रेक्षकांत निम्मी लहान मुलं असतात. ब्रिटनमध्ये क्रीडागृहांसाठी जे हिशेब वापरतात त्यांत जिन्यावरून एक मीटर रुंदीत मिनिटाला ६६ माणसं, सपाटीवर ८२ आणि बाहेर पडायला जास्तीत जास्त आठ मिनिटं धरतात. दहा हजार माणसं जिन्यांवरूनच उतरणार असतील तर एकूण १९ मीटर रुंदीचे जिने लागतात, आणि त्यातला एखादा आगीमुळे बंद पडला असं धरून वरचा एक जास्तीचा. नकाशावर रुंद्यांची बेरीज करा, दहा मिनिटांचं काम आहे. पण दाराबाहेर काय? २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर जोराच्या पावसात लोक आडोशाला थांबले, मागून येणारे येत राहिले, आणि २३ जीव गेले. सामना सुटला आणि पाऊस आला तर दहा हजार माणसं नेमकी तशीच दारात थांबणार. म्हणून दारांबाहेर मोठं छप्पर असलेलं अंगण, आणि स्टेशनापर्यंत दोन वेगळे रस्ते हवेत. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे सगळी गर्दी एकाच लोकल स्टेशनावर टाकायची गरज राहिलेली नाही. तिचं स्टेशन चालत दहा मिनिटांवर असेल तर जागा चांगली समजा.

आता तास. माझ्या मनात एक दुपार अजून सलते. एका सभागृहात चौदा वर्षांखालच्या मुलांची उपांत्य फेरी साडेतीनला होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला खासगी कार्यक्रम होता, त्याचा लोड-इन, म्हणजे सामान आत आणून उभं करणं, त्या दिवशी पहाटे ठरलेलं. आयोजकाने जास्त पैसे भरून तो आदल्या दिवशी, म्हणजे सामन्याच्याच दुपारी, चारला आणला. ट्रक दारात लागले. दोन्ही संघ कपडे बदलून पायऱ्यांवर बसले होते, एक संघ विरारहून लोकलने आलेला. सामना होणार नाही हे सांगायला मला पाठवलं. मुलांनी काहीच विचारलं नाही, शूज काढले आणि पिशवीत भरले. करारात हॉकीला ‘उपलब्धतेनुसार’ एवढाच शब्द होता. तो शब्द तुमच्या कागदात दिसला तर खोडून टाका.

त्याऐवजी काय लिहायचं ते सांगतो. बंदिस्त अरेनाचं खरं वेळापत्रक असं असतं: मोठे कार्यक्रम शुक्रवार ते रविवार, त्यांचा लोड-इन गुरुवारी रात्री, कारण दिवसा जड वाहनांना शहरात मनाई असते, आणि लोड-आउट सोमवारी पहाटेपर्यंत. सोमवार दुपार ते गुरुवार दुपार इमारत बहुतेक रिकामी. बाहेरदेशचे मोठे दौरे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जास्त येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गरब्याला मागणी. जून, जुलै, ऑगस्टचे कामाचे दिवस त्या मानाने सुने. म्हणजे मुलांना नेमकी जेव्हा छताची गरज आहे तेव्हाच छत रिकामं आहे. शनिवार-रविवार मागत बसलात तर पहिल्या वर्षी मिळतील आणि तिसऱ्या वर्षी जातील. जून ते ऑगस्ट, मंगळवार आणि बुधवार, दुपारी तीन ते रात्री आठ, हे तास कायमचे हॉकीचे, असं मागा. तेरा आठवडे, दोन दिवस, पाच तास: १३० तास. त्यात शाळांची आणि क्लबांची अख्खी पावसाळी लीग बसते. वर एक सलग पाच दिवसांची स्पर्धा, तारीख आदल्या वर्षी ठरलेली.

आणि भाड्याच्या पुढचं बघा. ‘शालेय खेळांना भाडं माफ’ हे वाचून क्लब खूश होतात. नंतर बिल येतं त्यात फ्लोअरिंग अंथरण्याची मजुरी, एसी, सफाई, सुरक्षारक्षक, जनरेटर असं सगळं वेगळं लावलेलं. दीड हजार चौरस मीटर फ्लोअरिंग अंथरायला तीस माणसांना पाच-सहा तास लागतात, काढायला थोडे कमी. ही मजुरी दर आठवड्याला दोनदा शाळेच्या माथी मारली तर लीग दुसऱ्या महिन्यात बंद पडेल. म्हणून मंगळवार-बुधवार लागोपाठ मागायला सांगितलं: एकदा अंथरायचं, एकदा काढायचं. आणि शब्द लिहून घ्या, ‘मांडणी, वीज, सफाई व सुरक्षेसह एकत्रित दर’. दर शून्य असलाच पाहिजे असा आग्रह धरू नका. इमारत चालवायला पैसे लागतात आणि ती बंद पडली तर हॉकीचाही पावसाळा गेला. तासाचा परवडणारा ठराविक दर, आणि तो वर्षाला किती वाढू शकतो याची मर्यादा, एवढं बास.

त्यांनी तास रद्द केले तर? त्याच आठवड्यात तेवढेच तास भरून द्यायचे, नाहीतर संघांचा प्रवासखर्च आणि ठरलेली रक्कम. दंड मोठा नसला तरी चालेल, पण लिहिलेला हवा, म्हणजे आयोजकाने जास्तीचे पैसे पुढे केले की टेबलावरच्या माणसाला नाही म्हणायला आधार मिळतो. त्या दुपारी माझ्याकडे तो आधार नव्हता.

भारताकडून हॉकी खेळलेला धनराज पिल्ले खडकीच्या वसाहतीतून आला, तसाच युवराज वाल्मीकी मरीन लाइन्सच्या एका खोलीतून. ही मुलं चमकली कारण जवळ कुठेतरी एक मैदान उघडं होतं. तुमच्या समितीतल्या गृहस्थांना हे माहीत असेलच, पण बैठकीत आकड्यांच्या गर्दीत ते मागे पडतं, म्हणून ही नावं तुम्हीच घ्या.

बैठक शनिवारी आहे म्हणालात. नकाशावर ४४ बाय २२ लहान दिसतं आणि सगळे माना डोलावतात. त्यापेक्षा बैठकीआधी जवळच्या शाळेच्या पटांगणात खडूने खरं माप आखा, गोलमागचे तीन मीटर आणि बाकांची जागा धरून, आणि आर्किटेक्टला त्याच्या नकाशासकट तिथे बोलवा. त्याची पहिली रांग कुठे येते ते त्यालाच उभं राहून दाखवू द्या. पन्नास मीटरची टेप माझ्याकडे आहे, मी घेऊन येतो. खडू शाळेत मिळेल.